टेलेमान आणि मिक्सर

बाख ऐकणाऱ्याला आधी चेहरा करावा लागतो. डोळे अर्धवट मिटलेले, भुवया किंचित वर, ओठ घट्ट आणि दोन बोटं गालावर. हा चेहरा मी आमच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं पाहत आले आहे, कारण आमचे हे बाखभक्त. रविवारी सकाळी ते बाख लावतात आणि तिथून पुढे घरात मिक्सर, वॉशिंग मशीन, फोनवरचं बोलणं, फोडणीचा चर्र आवाज आणि खोकला यांना मनाई होते. कुकरची शिट्टी दोन भागांच्या मधल्या शांततेत झाली तर माफ असते. पण कुकरला ते कळत नाही. बाखच्या संगीतात ईश्वर दिसतो असं ह्यांचं म्हणणं आहे आणि ते खरंही असेल. मात्र ईश्वर दिसत असताना खोबरं कुणी वाटायचं, याचं उत्तर बाखनं कुठे देऊन ठेवलेलं नाही.

टेलेमाननं दिलं आहे.

गेओर्ग फिलिप टेलेमान. जन्म माग्देबुर्ग, १६८१. मृत्यू हॅम्बुर्ग, १७६७. बाखपेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याच्या घरोब्यातला (बाखच्या कार्ल फिलिप इमान्युएल या मुलाच्या नावातला ‘फिलिप’ हा याचाच, हा त्याचा धर्मपिता) आणि हयातीत जर्मनीत बाखपेक्षा कितीतरी जास्त नावाजलेला. १७३३ साली त्यानं ‘टाफेलम्युझिक’ नावाचा संग्रह स्वतःच छापून काढला. टाफेलम्युझिक म्हणजे मेजवानी चालू असताना वाजवायचं संगीत. युरोपातल्या दरबारांत ही जुनीच रीत होती. माणसं सूप भुरकणार, कुणी पलीकडून मीठ मागणार, कुणी व्याह्याची निंदा करणार, सुऱ्याकाटे वाजणार, हे सगळं धरूनच हे संगीत लिहिलेलं असे. म्हणून त्याच्यावर मिक्सर चालतो. मी चालवून पाहिला आहे. लसणीची चटणी आणि तीन व्हायोलिनांचा एफ मेजर कॉन्चेर्तो एका वेळी सुरू झाले आणि चटणी आधी संपली, एवढंच.

हा संग्रह तीन भागांत आहे आणि प्रत्येक भागात सहा रचना. सुरुवातीला वाद्यवृंदाचा मोठा ओव्हर्चर-सूट (प्रवेशाचा तुकडा आणि त्यामागे नाचांची माळ), मग चार वाद्यांचं, मग कॉन्चेर्तो, मग कमी कमी माणसांचं होत होत एकट्या वाद्याचं आणि शेवटी पुन्हा सगळा वृंद येऊन समारोप. सगळं ऐकायला चार तासांच्या वर लागतात. सीडीच्या काळात चार तबकड्यांचा डबा यायचा. एका दिवाळीत फराळाला माणसं आली असताना मी पहिला भाग लावला. पहिला ओव्हर्चर फ्रेंच थाटाचा, ई मायनरमधला. असे ओव्हर्चर नेहमी संथ आणि तालेवार सुरू होतात. राजा दालनात शिरतो आहे असा त्यांचा आव. आमचे पाहुणे हातातली चकली हातात ठेवून थांबले. चकली मोडली तर आवाज होईल ही भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. काही वेळानं संथ भाग संपून एकामागून एक वाद्य पाठलागाला लागलं, तेव्हा कुणीतरी धीर करून पहिला तुकडा मोडला आणि मग चिवड्यापर्यंत सगळे एका दमात पोचले. जेवणाऱ्यांचा वेग संगीत ठरवतं हे टेलेमानला माहीत असणार. त्या काळचे स्वयंपाकी त्याला काय म्हणत असतील, कोण जाणे.

या संग्रहाला छापण्याआधीच २०६ वर्गणीदार मिळाले होते. त्यात सरदार होते, व्यापारी होते आणि लंडनहून एक हेंडेल होता. हो, तोच. हेंडेलनं वर्गणीचे पैसे पुरेपूर वसूल केले. या संग्रहातल्या चालीच्या चाली पुढे त्याच्या स्वतःच्या रचनांतून ऐकू येतात. तिसऱ्या भागात टपालवाल्यांच्या शिंगाची नक्कल करणारा ‘पोस्टिलों’ नावाचा तुकडा आहे. तो ऐकून लगोलग हेंडेलच्या ‘बेलशाझर’मधला राजाच्या पंडितांच्या आगमनाचा तुकडा लावावा. शिंग तेच, घोडे तेच, टपालखातं तेवढं बदललेलं. त्या काळात याला चोरी समजत नसत आणि टेलेमाननंही कधी गवगवा केला नाही. त्याच्याकडे चाली इतक्या होत्या की चारदोन गेल्याचं त्याच्या लक्षात तरी आलं असेल का, अशी मला शंका आहे.

कारण या माणसानं तीन हजारांहून अधिक रचना केल्या. संग्राहकाच्या दृष्टीनं ही चांगली बातमी नाही. बाखभक्ताचं बरं असतं. समग्र बाखचा एक जाडजूड डबा येतो, तो कपाटात ठेवला की जन्माचं काम झालं. बाखचे वाद्यवृंदाचे सूट फक्त चार. एका संध्याकाळी ऐकून होतात आणि वर वरणभात लावायला वेळ उरतो. टेलेमानचे नुसते हयात राहिलेले सूट सव्वाशेच्या वर आहेत आणि हरवलेले त्याहून कितीतरी जास्त असावेत. शिवाय कॉन्चेर्तो वेगळे. बासरीचे, ओबोचे, शिंगांचे, ट्रम्पेटचे, आणि ज्या व्हियोलाला वृंदात कुणी विचारत नाही त्याचासुद्धा एक. व्हियोलासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोंमध्ये तो फार आधीचा मानतात. या सगळ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या सूचीचं नाव टीडब्ल्यूव्ही. त्यात प्रत्येक सूटला ‘टीडब्ल्यूव्ही ५५ : डी २२’ असा आरटीओच्या पाटीसारखा नंबर असतो. ५५ म्हणजे सूट, डी म्हणजे डी मेजर आणि बावीस म्हणजे डी सुरातला बाविसावा. डी सुरातलेच इतके! हे नंबर पाठ असलेली माणसं जगात आहेत. मी त्यांच्यातली आहे हे मी बाहेर कुणाला सांगत नाही.

एवढं लिहिलं म्हणूनच तो मागाहून बदनाम झाला. एकोणिसाव्या शतकात बाखचा पुनर्जन्म झाला आणि जर्मन पंडितांना बाखची उंची दाखवायला शेजारी कुणीतरी बुटका हवा होता. टेलेमान हाताशी होता. इतकं लिहितो म्हणजे पाट्याच टाकत असणार, लोकांना आवडायचा म्हणजे उथळच असणार, असा निवाडा झाला. बाखचे चरित्रकार स्पिट्टा आणि त्यांच्यानंतर श्वाइत्झर यांनी टेलेमानच्या कांताता (चर्चमध्ये गायच्या रचना) नावं ठेवून बाजूला सारल्या आणि बाखच्या कांतातांमधली खोली उलगडून दाखवली. पुढे संशोधन झालं तेव्हा बाखच्या म्हणून वाखाणलेल्या त्या कांतातांपैकी काही टेलेमानच्याच निघाल्या. ही गोष्ट मी ह्यांना जेवताना सांगितली. ह्यांनी आमटीत भात कालवला, बराच वेळ कालवत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे बाखचा प्रभाव किती होता बघ.” त्या रचना झाल्या तेव्हा टेलेमान प्रसिद्ध होता आणि बाखचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं, हे मी बोलले नाही. आमटी गार झाली असती.

पाट्या टाकणं म्हणाल तर त्याची नोकरीच तशी होती. हॅम्बुर्गच्या पाच मुख्य चर्चच्या संगीताचा तो प्रमुख. दर रविवारी कांतातांचा रतीब, दर वर्षी एक पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणयातनांचं गायन (अशा सेहेचाळीस झाल्या), शाळेत मुलांना गाणं शिकवायचं, त्यातच शहराच्या ऑपेराचं काम, शहराच्या नागरी पहारेदलाच्या कप्तानांची वार्षिक मेजवानी असली की तिचं संगीत. वर घरचा छापखाना. पत्र्यावर स्वररेषा तो स्वतः कोरायचा. १७२८ साली त्यानं एक संगीत-पाक्षिक काढलं. त्यात रचना ऐन रंगात आली की ‘क्रमशः’. पुढचा भाग पाहिजे तर पुढचा अंक घ्या. दिवाळी अंकवाल्यांनी याचा फोटो कार्यालयात लावायला हरकत नाही.

या मुलानं संगीतात पडू नये म्हणून घरच्यांनी काय कमी केलं होतं? वडील चर्चमधले, ते हा लहान असतानाच गेले. बाराव्या वर्षी पोरानं सबंध ऑपेरा लिहिला आणि आईच्या कानाशी लागणाऱ्यांचं काम सुरू झालं. हा मुलगा पुढे डोंबारी होईल, दोरीवरून चालेल, वाजंत्री होईल, नाहीतर मार्मोट नाचवेल. मार्मोट म्हणजे आल्प्समधला खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. तो घेऊन गावोगाव फिरणारे लोक तेव्हा असत. आईनं घाबरून सगळी वाद्यं जप्त केली. हे त्यानं स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे आणि अजिबात कडवटपणानं नाही. पुढे त्याला लाइपझिगला कायदा शिकायला धाडलं. तिथे त्यानं वर्षभरात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा केला. कायद्याचं काय झालं ते विचारू नये. आपल्याकडे इंजिनिअरिंगला घातलेली मुलं पुरुषोत्तम करंडकात सापडतात, त्याचा हा जर्मन पूर्वज.

याच लाइपझिगशी त्याचा पुढचा व्यवहार मला, बँकेत जन्म काढलेल्या बाईला, फार प्रिय आहे. १७२२ साली तिथल्या सेंट थॉमस चर्चची मोठी जागा रिकामी झाली. टेलेमाननं अर्ज केला, निवड झाली. मग तो हॅम्बुर्गला परत आला आणि तिथल्या नगरपालकांना सांगितलं, मला असं असं बोलावणं आहे. त्यांनी पगार वाढवला, हा राहिला. कुठल्याही कचेरीत ऑफर लेटर खिशात घालून साहेबाच्या केबिनमध्ये शिरणाऱ्या माणसाची चाल तीच असते. लाइपझिगकरांनी मग दुसऱ्याला विचारलं, त्याच्या मालकानं त्याला सोडलं नाही. तेव्हा तिसरा उमेदवार घ्यावा लागला. उत्तम माणसं मिळत नाहीत तर मध्यमावर भागवलं पाहिजे, असं एका नगरपालकाचं म्हणणं दप्तरी नोंदलेलं आहे. हा मध्यम उमेदवार म्हणजे बाख.

ही गोष्ट मी ह्यांना अजून सांगितलेली नाही. ब्लडप्रेशर आहे.

रेकॉर्डिंगांकडे वळायचं तर एक जुना आणि एक नवा असे दोन पंथ आहेत. साठीच्या दशकातल्या तबकड्यांत टेलेमान भरलेल्या अंगाचा आणि सावकाश चालणारा भेटतो. व्हायोलिनं तुकतुकीत, सगळे सभ्य. नंतर जुन्या वाद्यांची लाट आली. आतड्याच्या तारा, हलके धनुष्य, खटके नसलेली शिंगं आणि ट्रम्पेट. या शिंगांतून सूर ओठांच्या जोरावर काढायचा असतो. तो निसटला की सगळ्या सभागृहाला कळतं. प्रत्यक्ष मैफलीत शिंगवाले उभे राहिले की श्रोते मुठी आवळतात. रेकॉर्डिंगमध्ये निसटलेले सूर संकलकाच्या कात्रीनं गेलेले असतात, पण अधूनमधून एखादा खरखरीत सूर राहून गेलेला असतो आणि तिथे मला वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल दिसतात.

या लाटेत दोन पुढारी. व्हिएन्नाचे निकोलाउस हार्नोनकूर आणि क्योल्नचे राइनहार्ड गोबेल; दोघांचीही टाफेलम्युझिक १९८०च्या दशकात झाली. हार्नोनकूर प्रत्येक वाक्य उच्चारून दाखवतात; स्वल्पविराम ऐकू येतो. गोबेल यांच्या ‘मुझिका आंटिक्वा क्योल्न’ला मात्र जेवण उरकून गाडी पकडायची आहे. त्यांच्या वेगात लापशी वाढली तर समोरच्याच्या अंगावर सांडेल. पण त्या वेगात एक अशी सफाई आहे की आपणच उठून काहीतरी आवरायला लागतो. आमच्याकडे माळ्यावरची साफसफाई गोबेल यांच्याशिवाय होत नाही. पुढे त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांनी साथ सोडली, तेव्हा या गृहस्थांनी व्हायोलिन दुसऱ्या बाजूला घेतलं, धनुष्य डाव्या हातात धरलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकून वाजवलं. माळा आवरताना मला कंटाळा आला की मी हे आठवते आणि तरीही कंटाळा येतोच.

जुन्या वाद्यांचा वाद आमच्या घरात मामांनी आणला. मामा हार्मोनियमवाले; भजनी मंडळापासून नाट्यसंगीतापर्यंत साथ केलेले. ते आले की रेडिओवरच्या जाहिरातीचीसुद्धा पट्टी काढून बघतात. मी आधी जुनी तबकडी लावली, मग तोच तुकडा नवा. मामांनी पेटी पुढ्यात ओढली, भाता हलवला आणि दोन पट्ट्या दाबून पाहिल्या.

“हा दुसरा उतरलाय गं,” मामा म्हणाले. “पांढरी सहाचं काळी चारवर आलंय. पट्टा सैल झालाय का मशीनचा?”

मी सांगितलं, “मामा, ते मुद्दाम खाली लावतात. बरोकवाले ४१५ला लावतात, आजचे ४४०ला.”

“कुणी ठरवलं?”

खरं सांगायचं तर हल्लीच्या वादकांनीच सोयीसाठी ठरवलं. टेलेमानच्या काळात गावोगाव पट्टी वेगळी होती. एका गावचं ऑर्गन दुसऱ्या गावच्या शिंगाशी जुळेल याची खात्री नव्हती. हे ऐकून मामांना टेलेमानविषयी एकदम जिव्हाळा वाटायला लागला. गावोगावच्या पेट्यांवर साथ करताना त्यांचा जन्म गेला होता. “मग गायकानं काय करायचं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बोंबलायचं. “तेच करतात,” मामा म्हणाले.

टेलेमानच्या चित्रमय सुटांपाशी मात्र पंथभेद संपतात. तिथे प्रश्न एवढाच की घरचे काय म्हणतील. हॅम्बुर्गच्या मधोमध आल्स्टर नावाचं नदीचं तळं आहे. त्याच्यावर टेलेमाननं चार शिंगं घेऊन एक सूट लिहिला. त्यात प्रतिध्वनी आहे, शहराच्या घंटा आहेत, मेंढपाळांचं गावठी संगीत आहे, हंस आहे. आणि ‘बेडूक आणि कावळे यांची मैफल’ आहे. हा तुकडा तो प्रामाणिकपणे बेसूर करतो. तारा कचकचत एकमेकींना खेटून जातात, सूर जिथे बसायला हवा त्याच्या बाजूला जाऊन बसतो आणि शिंगं त्यात भर घालतात. पहिल्यांदा लागला तेव्हा सासूबाई जप थांबवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तबकडीवर बुरशी आलीय. खोबरेल लावून पूस.” मी म्हटलं, आई, हे बेडूक आहेत. त्यांनी पुन्हा कान दिला, थोडा विचार केला आणि निर्वाळा दिला, “आमच्या राजापूरच्या बेडकांना ताल असतो.” जुलैत राजापूरला राहिलेल्या कुणीही हे नाकारणार नाही. हॅम्बुर्गला भाचा असतो. त्याला मी तिथलं टेलेमानचं छोटं संग्रहालय आणि आल्स्टर बघून यायला लावलं. संग्रहालय त्यानं पाहिलं. आल्स्टरवर बेडूक दिसले नाहीत, कावळे होते, असं त्यानं कळवलं. अर्धी मैफल तरी अजून टिकून आहे.

पाण्यावरचा दुसरा सूट १७२३चा, हॅम्बुर्गच्या नौदल-खात्याच्या शंभरीचा. पुन्हा मेजवानीसाठीच. यात समुद्रदेवता झोपलेली आहे, मग जागी होते. नेपच्यून प्रेमात पडलेला आहे, जलपऱ्या खेळतात, वारा पिसाळतो, मग मंद झुळूक येते. हे सगळं देवादिकांचं. पण शेवटाकडे ‘भरती-ओहोटी’ नावाची जिग आहे, ती शुद्ध हॅम्बुर्गची. एल्ब नदीतून समुद्राची भरती थेट शहरात येते. त्यामुळे सूर तळापासून चढत वर येतात, तुडुंब भरतात आणि लगेच उतरायला लागतात; दोन मिनिटांत दिवसभराचं वेळापत्रक. सर्वांत शेवटी खलाशी नाचतात. त्यांनी देवांपेक्षा जास्त घेतलेली आहे, हे तालावरून कळतं.

दोन किहोतेवरही एक सूट आहे. त्यात पवनचक्कीवरचा हल्ला आहे, तो अपेक्षेप्रमाणेच दणदणीत. दुल्सिनेआसाठीचे उसासे आहेत. प्रत्येक उसासा दोन सुरांचा, दुसरा सूर पहिल्याच्या खाली. सान्चो पान्साला चादरीत घालून उडवतात तेव्हा सूर झटक्यानं वर जातात आणि खाली आदळतात. पण माझा जीव शेवटून दुसऱ्या तुकड्यावर आहे. किहोतेचा घोडा रोसिनान्ते दौडत असतो, आपल्या वयाच्या मानानं बरा दौडतो. मग मध्येच सान्चोचं गाढव येतं. ते दोन पावलं टाकतं आणि थांबतं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबतं. थांबण्याचा तो क्षण प्रत्येक वाद्यवृंद वेगळा धरतो. घाईतली मंडळी गाढवाला पुरतं थांबू देत नाहीत, आणि जिथे थांबू देतात तिथे आपणच अस्वस्थ होऊन स्पीकरकडे बघतो. रेकॉर्डिंग चांगलं की वाईट हे मी या गाढवावर ठरवते.

‘ला बूर्स’ म्हणजे शेअर बाजार, या नावानं ओळखला जाणारा सूट मी निवृत्तीनंतर ऐकला हे बरं झालं. हॅम्बुर्गला येण्याआधी टेलेमान फ्रँकफर्टला ज्या वाड्यात राहायचा तिथेच व्यापाऱ्यांचा बाजार भरायचा. सुटातल्या तुकड्यांची नावंच ऐका. ‘मोडलेली विश्रांती’, ‘शांततेतलं युद्ध’, ‘हरलेले विजेते’, आणि शेवटी ‘मिसिसिपीची आशा’. मिसिसिपी म्हणजे ती कंपनी, जिच्या शेअरांच्या मागे सारं फ्रान्स धावलं आणि १७२० साली जिचा फुगा फुटला. हा शेवटचा तुकडा काय उत्साहात चालतो! प्रत्येक ओळ आणखी एक पायरी चढते, कुणालाही आपण विकावं असं वाटत नाही. मी हा सूट एका फुकटच्या ॲपवर ऐकत होते. मिसिसिपीची आशा ऐन वरच्या पायरीवर असतानाच संगीत तुटलं आणि एक बाई कर्तव्यदक्ष आवाजात म्युच्युअल फंडाच्या जोखमीविषयी दस्तऐवज नीट वाचायला सांगून गेली. टेलेमानला हे नक्की आवडलं असतं. त्याला बायकोचं जुगाराचं कर्ज निस्तरावं लागलं होतं. हॅम्बुर्गच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सोडवला.

म्हातारपणी त्याला बागेचं वेड लागलं. दुर्मीळ रोपं मिळतील तिथून मागवायचा. १७५० साली हेंडेलनं लंडनहून त्याला रोपांची पेटी पाठवली. चार वर्षांनी हेंडेलच्या कानावर आलं की टेलेमान गेला. मग बातमी आली की गेला नाही, ठणठणीत आहे. हेंडेलनं आनंदानं आणखी रोपं धाडली. ‘पोस्टिलों’चा हिशेब यात वळता झाला असं मी समजते. हेंडेल १७५९ साली गेला. टेलेमान त्यानंतर आठ वर्षं जगला आणि कांतातांचा रतीब चालू ठेवला.

ह्यांना टेलेमान पटवायचा प्रयत्न मी सोडून दिला होता. पण गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टरांनी डाळी कमी करायला सांगितल्या, म्हणजे माझ्यावर राग काढायला सबब मिळाली. त्या आठवड्यात मी डी २२ लावला. तीन ट्रम्पेट आणि नगारे असलेला हा सूट म्हणजे एक दवाखाना आहे. तीन रोगी आणि तीन उपचार. पहिला रोगी अंगठ्याचाच. गाउटवाला. ताल असा की प्रत्येक पाऊल जपून पडतं आणि पडल्यावर कळ येते. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“हे कुठलं?”

“तुमच्या अंगठ्याचं,” मी म्हटलं.

“उपाय काय सांगितलाय?”

“घोड्याच्या टपालगाडीतून प्रवास आणि नाच.”

“डॉक्टर बरा दिसतो,” हे म्हणाले आणि पाय उशीवर घेऊन ऐकायला लागले. चेहरा केला नव्हता. दुसरा रोगी आजार नसताना आजारी. सुरुवातीला संथ, गळून गेलेला साराबांद. तो जरा रुळतोय तोच एकदम उड्या मारणारी जिग, पुन्हा साराबांद, मग दुसराच उड्यांचा नाच, पुन्हा साराबांद. घटकेत बरं वाटतंय, घटकेत नाही. हे इंटरनेटवर स्वतःची लक्षणं शोधतात तेव्हा अगदी याच क्रमानं शोधतात, असं मला म्हणायचं होतं, पण ते आपण होऊनच म्हणाले, “हा मनोहरपंत दिसतो.” मनोहरपंत म्हणजे आमचे शेजारी. याच्यावरचा उपचार म्हणजे ‘शौर्यानं सहन करणं’. तिथे लष्करी कवायत आहे.

“आणि तिसरा रोगी कोण?” ह्यांनी विचारलं.

तिसरा म्हणजे आरशासमोरून न हलणारा छानछोकीवाला. त्याच्यासाठी टेलेमाननं वेड्यांचं इस्पितळ सुचवलं आहे आणि तिथे सूडदेवता थैमान घालतात. एनसीपीएला बाख ऐकायला जायचं म्हणून ह्यांनी त्याच महिन्यात नवा बंदगळा शिवून घेतला होता आणि तो दिवसातून दोनदा घालून बघत होते. मी म्हटलं, अहो, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आले हं, आणि गॅस बंद करायला उठले.